उजव्या हाताची दोन बोटं

"हात सैल सोड. पळवून नेत नाहीये मी तो," मावशी म्हणाली आणि समोरच्या बाईच्या करंगळीभोवती तिने कागदाची अरुंद फीत गुंडाळली.

हे उजव्या हाताचं नववं माप होतं; डावा हातमोजा गेल्या वर्षीच शिवून झाला होता. सकाळचं झालं, जेवणानंतरचं झालं, धावून आल्यावरचं झालं, हात डोक्यावर धरून झालं, खाली सोडून झालं. माणसाचा हात दिवसभर एका मापाचा राहत नाही, हे मावशी शिवणघरात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. पाय फुगले की चप्पल चावते, म्हणून पायांचं सगळ्यांना कळतं. हाताची चौकशी कोण करतो? मावशी करायची. आकाशात जाणाऱ्या माणसांचे हातमोजे शिवायचे, एवढंच एक काम ती एकतीस वर्षं करत होती, आणि ते तिच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती ते लपवतही नसे. उगाच खोटा विनय कशाला दाखवायचा?

समोर बसलेल्या बाईला सगळे दगडवाली म्हणत. ती मूळची खडकांची अभ्यासक. चाळिशी उलटली तरी खिशात कायम दोन-चार खडे असायचेच. त्या दिवशी मापासाठी खिसे रिकामे करायला लावले तेव्हाही टेबलावर तीन निघाले. ही दगडवाली आता पाहुण्याला हात लावायला जाणार होती.

आता हा पाहुणा कोण, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी चंद्राच्या पलीकडे एक वस्तू येऊन थांबली. कुठून आली ते कुणाला कळलं नाही, कुणी पाठवली तेही नाही. आली, थांबली आणि गप्प बसली. दारात उभं राहायचं पण बेल वाजवायची नाही, असला हा पाहुणा. आपल्या लोकांनी त्याला दिव्याने खुणा केल्या, आकडे पाठवले, संगीत पाठवलं. कुणी म्हणे विनोदसुद्धा पाठवले. तो ढिम्म. फक्त त्याच्या एका अंगाला, ताटाएवढ्या जागेत, काहीतरी सतत हलत होतं. झोपलेल्या माणसाची पापणी हलते ना, तितपतच. यंत्राचा हात लांब करून तिथे टेकवला की ते हलणं थांबायचं. यंत्र मागे घेतलं की पुन्हा सुरू. चार तऱ्हेची यंत्रं लावून पाहिली, चारही वेळा तेच. शेवटी, जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते कुणालातरी वर्षभराने सुचलं, की माणसाने जाऊन हात लावून बघावा.

पण तिथे उघडा हात लावता येत नाही. हात लावायचा तो हातमोज्यातूनच, आणि हातमोज्याची गोष्ट निघाली की ती मावशीच्या टेबलाशी येऊन थांबणारच.

माप संपलं तसा दगडवालीने हात मागे घेतला नाही. तिने तो तसाच टेबलावर ठेवला आणि मुद्द्याचं बोलली. सरावाचा पाच थरांचा हातमोजा घालून, डोळे मिटून, तिने खिशातला खडा आणि शर्टाचं बटण चाचपून पाहिलं होतं. दोन्हींत तिला काही फरक कळला नव्हता. एवढ्या लांब जाऊन उशी चाचपून परत यायचं असेल तर यंत्र काय वाईट होतं, असं ती म्हणत होती. मावशीने बोटाच्या टोकांशी थर कमी करावेत.

मावशीलाही तेच वाटत होतं. पण निर्णय तिचा नव्हता, तो मुख्य अभियंत्याचा होता. या गृहस्थाचं प्रत्येक वाक्य "जरा सबुरीनं घेऊ" ने सुरू व्हायचं, म्हणून शिवणघराने त्याचं नाव सबुरीसाहेब ठेवलं होतं, आणि आता त्याच्या बायकोनेही तेच उचललं होतं. सबुरीसाहेब थर कमी करायचं ऐकूनच उठून उभा राहिला. मावशी काही वाद घालत बसली नाही. ती दोन तुकडे शिवून घेऊन त्याच्या खोलीत गेली, एक पाच थरांचा आणि एक तीनच थरांचा, पण मधला थर इतक्या घट्ट विणीचा की त्यातून वारा जाऊ नये. दोन्हींखाली तिने आपल्या डोक्याचा एकेक केस ठेवला आणि साहेबाला डोळे मिटून शोधायला लावला. पाच थरांतून त्याला काही सापडलं नाही. तीन थरांतून सापडला. मग तो तुकडा निर्वात पेटीत घालून बारा दिवस छळला, थंडीत गोठवला, उन्हात भाजला, आणि तो टिकला तेव्हा साहेबाने नाइलाजाने होकार दिला. उजव्या हाताची फक्त पहिली दोन बोटं, तीन थरांची.

त्या संध्याकाळी मावशी घरी गेली ती हवेत तरंगतच.

घरी ती आणि तिचा नवरा, दोघंच. तो पोस्टातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. मावशी त्याला केसाची गोष्ट रंगवून रंगवून सांगत होती आणि सांगता सांगता तिने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, ते तसंच धरून ती बोलत राहिली. नवऱ्याने पुढे होऊन झाकण तिच्या हातातून काढून घेतलं. स्वतःचं बोट भाजल्यावर त्याने ते झटकन तोंडात घातलं, मग मावशीचा हात उलटा करून पाहिला. पहिल्या दोन बोटांच्या टोकांवर पांढरे फोड आले होते.

"कळलं नाही तुला?" त्याने विचारलं.

"बोलण्याच्या नादात," मावशी म्हणाली.

त्याला माहीत होतं, आणि मावशीलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. सहा महिन्यांपासून तिच्या उजव्या हाताची ही दोन बोटं हळूहळू बधिर होत चालली होती. एकतीस वर्षं जाड कापडातून सुई दाबून दाबून नसा दबल्या, असं डॉक्टरने सांगितलं होतं. जाणीव परत येईल याची खात्री देत नाही, असंही तो म्हणाला होता. मावशी त्या दवाखान्यात मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली होती, कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून. शिवणघरात तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. शिवण नजरेने धरता येते. आतली शिवण गुळगुळीत झाली का, हे ती पूर्वी बोटाने बघायची, आता हातमोजा उलटा करून ओठ फिरवून बघायची. ओठाला बोटापेक्षा जास्त कळतं, असं तिने स्वतःला पटवून दिलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. फक्त हातमोजा सुलटा केला की आत ओठ पोचत नाही.

इथेच घोडं अडत होतं. शिवणघराचा एक रिवाज होता, त्याला सगळे 'हात ठेवणं' म्हणत. हातमोजा पूर्ण झाला की ज्या कारागिराचा हात जाणाऱ्याच्या मापाशी सर्वांत जास्त जुळेल त्याने तो घालून, डोळे मिटून, एक तास गप्प बसायचं. या तासाला कुणी हाक मारत नसे, कुणी भांडं आपटत नसे. फार वर्षांपूर्वी एकजण परत आला तेव्हा त्याच्या अंगठ्याची कातडी सोलून निघालेली होती, आणि कारण काय, तर आत राहिलेली एका दोऱ्याची गाठ. तेव्हापासून हा रिवाज पडला. त्यातला दुसरा नियम असा, की जाणाऱ्याला कधी विचारायचं नाही. ज्याला जायचंय त्याला सगळंच चालतं. त्याच्या हातमोज्यात विंचू सोडला तरी तो चालेल म्हणेल, असं मावशीच सांगायची.

दगडवालीच्या मापाचा हात सगळ्या शिवणघरात एकीचाच होता, मावशीचा. दोघींचे हात टेबलावर शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सुरकुत्यांवरूनच ओळखायचं. उड्डाणाला वीस दिवस असताना मावशीने उजवा हातमोजा चढवला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. तासभर तिला काहीच जाणवलं नाही.

काही न जाणवणं म्हणजे उत्तम हातमोजा, हा या धंद्यातला पहिला धडा. एकतीस वर्षं मावशी काही जाणवलं नाही की समाधानाने उठत आली होती. त्या दिवशीही ती तशीच उठली. बोटं बधिर आहेत हे ती विसरली होती असं नाही. पण सवय अशी काही पक्की असते, की त्या क्षणी तिला खरंच वाटलं, हातमोजा झकास झालाय.

दोन दिवसांनी दगडवाली तो घालून बघायला आली. वीस मिनिटं मूठ उघडली, मिटली, टेबलावरचे खडे उचलले, ठेवले, आणि तोंड भरून हसली. म्हणाली, झकास आहे, चालेल. मावशीने हातमोजा उतरवून घेतला आणि सवयीने तिचा हात उलटा केला. पहिल्या बोटाच्या टोकाशी, आतल्या बाजूला, केसाएवढी लाल रेघ उमटली होती.

"हे काय?"

"काही नाही. जाईल."

"टोचत होतं का?"

दगडवालीने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. मावशीने सोडला नाही.

"मावशी, चालेल हो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आठ तासांचं तर काम. सोललं बोट तर सोललं."

"आणि सगळं लक्ष त्या गाठीतच गेलं म्हणजे? तुला पाहुण्याचं कळणार की माझ्या गाठीचं?"

"तुम्ही आता हे उसवायला घेतलंत तर तारीख जाईल. पुढची चौदा महिन्यांनी. तोवर तो निघून गेला तर काय करायचं मी? तिथं काहीतरी हलतंय मावशी, दोन वर्षं हलतंय, आणि कुणालाच माहीत नाही काय ते. मला हात लावल्याशिवाय म्हातारं नाही व्हायचं."

मावशीलाही तसंच म्हातारं व्हायचं नव्हतं. ती स्वतः कधी समुद्रापलीकडेसुद्धा गेली नव्हती. पण गेले आठ महिने रोज बसमध्ये ती आपली दोन बोटं त्या ताटाएवढ्या जागेवर टेकवून बघत होती, मनातल्या मनात. हात दगडवालीचा जाणार होता, पण बोटांवरची कातडी मावशीने शिवलेली. एवढं तरी आपलं तिथपर्यंत पोचावं, ही तिची इच्छा होती, आणि ती काही लहान इच्छा नव्हती.

घरी येऊन ती भांडी घासायला उभी राहिली आणि रडली. नवऱ्याने नळ बंद केला. मग तिने त्याला सगळं सांगितलं. दुसरी काही सबब सांगून हातमोजा परत घेता येईल, असं ती म्हणाली. घेता येईल की, तो म्हणाला. गाठ काढून पुन्हा शिवताही येईल. शिवशील की, तो म्हणाला. मग हात कोण ठेवणार, असं तिने विचारलं तेव्हा मात्र तो काही बोलला नाही, आणि हा माणूस नेमका नको तेव्हा गप्प बसतो म्हणून मावशीला त्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबुरीसाहेब हातमोज्यांच्या खोक्यावर सही करायला आला तेव्हा शिवणघरात सगळे हजर होते. मावशीने त्याला बाजूला बोलावलं नाही. एकदा सांगायचंच तर सगळ्यांदेखत सांगावं, मागून कुजबुज नको, हा तिचा स्वभाव.

"सही करू नका," ती म्हणाली. "उजव्याच्या पहिल्या बोटात गाठ राहिलीय. मला कळली नाही. कळली नाही कारण माझी ही दोन बोटं सहा महिन्यांपासून बधिर आहेत. मी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं."

कुणाच्यातरी हातातली कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. सबुरीसाहेबाने खुर्ची ओढली आणि तो बसला. रागावला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, की डाव्या हातमोज्याचं काय.

"डावा गेल्या वर्षी शिवला. तेव्हा बोटं शाबूत होती. त्याचं मी छातीठोक सांगते."

"आणि ही दोन बोटं पुन्हा शिवायला किती दिवस?"

"बारा."

"सतरा आहेत आपल्याकडे. कोण शिवेल?"

मावशीने मान वळवून खोलीच्या टोकाला पाहिलं. तिथे डावखुरी बसायची. ही बाई बारा वर्षं शिवणघरात होती आणि बारा वर्षं बाह्या शिवत होती. कितीदा तरी तिने हातमोजा मागितला होता, आणि प्रत्येक वेळी मावशीने तिला बाह्यांकडे परत धाडलं होतं. उलट्या हाताचं काम बोटांत चालत नाही, असं मावशी म्हणायची. त्याला आधार काय, असं कुणी विचारलं नाही, कारण मावशीला असलं काही विचारायची कुणाची छाती नव्हती. खरं म्हणजे आधार काहीच नव्हता. डावखुरी नवीन असताना मावशीने तिचा टाका एकदा पाहिला होता आणि तो फार चांगला होता.

"ही शिवेल," मावशी म्हणाली. "ये ग. माझ्या जागेवर बस."

डावखुरी आली, पण बसेना. मावशीने तिला खांद्याला धरून बसवलं.

पहिले तीन दिवस मावशी तिच्या डोक्यावर उभी होती. दोरा एवढा लांब घेऊ नको, कापड ओढू नको, श्वास घे, मरशील नाहीतर. डावखुरी एक ना दोन, खाली मान घालून शिवत राहिली. चौथ्या दिवशी मावशीची बडबड कमी झाली आणि पाचव्या दिवशी थांबलीच. त्या बाईच्या हाताखालून शिवण पाण्यासारखी येत होती. मावशीला ते फार आवडलं आणि मुळीच आवडलं नाही, दोन्ही एकाच वेळी. जेवायच्या सुट्टीत ती म्हणाली, की बारा वर्षं मी तुझी फुकट घालवली. डावखुरी म्हणाली, बाह्याही कुणीतरी शिवायलाच हव्यात. त्यावर मावशीने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्या ताटात वाढलं.

बोटं तेराव्या दिवशी तयार झाली. आता हात कोण ठेवणार? डावखुरीचा पंजा मोठा, बाकीच्यांचे लहान. उरली दगडवाली, आणि तिला तर विचारायचं नाही असा नियम. सबुरीसाहेब डोकं धरून बसला. मावशी म्हणाली, तिलाच बसवा, फक्त तिला काही विचारू नका, मी बघते.

मग खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या गेल्या. दगडवालीने हातमोजा घालून डोळे मिटले. मावशीने समोर बसून तिचं मनगट आपल्या तळव्यात धरलं, कापडावरून, घट्ट. मावशीची बोटं मेली होती पण तळवा जिवंत होता. माणूस तोंडाने खोटं बोलतो, चेहराही कोरा ठेवतो, पण बोटाला काही टोचलं की मनगटातली शीर दचकते. ती काही त्याच्या ताब्यात नसते.

सात मिनिटं झाली. दगडवालीचा चेहरा अगदी शांत होता.

"काढ," मावशी म्हणाली.

"अहो, काही नाहीये."

"दुसरं बोट डावीकडे वळवलंस तेव्हा शीर दचकली. काढ."

डावखुरीने उसवलं, शोधलं, आणि दोऱ्याचं न दिसणारं टोक चिमट्याने ओढून दाखवलं. दगडवालीने कपाळाला हात लावला. पुढच्या दिवशी पुन्हा बसल्या. एकवीस मिनिटांनी मावशीने पुन्हा "काढ" म्हटलं, आणि दगडवाली या वेळी निमूटपणे हातमोजा उतरवून देत म्हणाली, की मावशी, तुमच्यापुढे चोरीसुद्धा करता येत नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण तास गेला. मनगट एकदाही दचकलं नाही. पाऊण तासाने तर दगडवाली बसल्या बसल्या झोपली. मावशीने तास भरल्यावरही तिला लगेच उठवलं नाही.

कागदावर कारागीर म्हणून मावशीचंच नाव होतं. ते बदलायला आणखी तीन सह्या लागल्या असत्या आणि वेळ नव्हता, तेव्हा सबुरीसाहेब म्हणाला की राहू दे, नंतर बघू. मावशीने मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. दगडवाली ठरलेल्या दिवशी, दोन सोबत्यांसह, निघाली.

तिने पाहुण्याला हात लावला तो मंगळवारचा दिवस होता, दुपार. शिवणघरात भिंतीवर मोठा पडदा लावला होता. दोन्ही सोबती यानात थांबले होते आणि दगडवाली यानाबाहेर काढलेल्या, कठडा लावलेल्या फळीवर एकटी उभी होती. पडद्यावर आधी पाहुण्याचं ते राखाडी अंग दिसलं, मग एका बाजूने एक हात आला. शिवणघरात सगळ्यांनी तो हात ओळखला. दोन बोटं पुढे झाली आणि टेकली.

चार मिनिटं दगडवाली काही बोलली नाही. नियंत्रण कक्षातून तिला विचारत होते, थांबलं का, हलायचं थांबलं का, कृपया सांगा. उत्तर नाही. कुणीतरी घाबरून तिच्या श्वासाचे आकडे वाचायला लागलं. सबुरीसाहेब त्या वेळी शिवणघरातच येऊन उभा होता. त्याने मावशीकडे पाहिलं.

"विचारू नका तिला," मावशी म्हणाली. "लागलाय तिला हात. सांगेल."

आणि मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "नाही थांबलं. सुरू आहे. माझ्या बोटाखाली सुरू आहे." थोडा वेळ गेला. "ते मला चाचपतंय."

शिवणघरात कुणी ओरडलं नाही. डावखुरी आपला ओठ चावत उभी होती. मावशीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार हेवा वाटेल. पण तिला नुसता आनंद झाला. माणसं आजवर डोंगरापलीकडे गेली, पाण्यापलीकडे गेली, प्रत्येक वेळी कुणीतरी मागे राहून त्यांचे जोडे शिवले असणार. ते मागे राहिलेलेही तितकेच गेले, असं तिला त्या दुपारी अगदी स्वच्छ कळलं.

चाळीस मिनिटांनी दगडवालीने हात उचलला. जिथे बोटं होती तिथली जागा आता सपाट राहिली नव्हती. तिथून एक वर्तुळाकार ओळ उमटून वर आली होती, बारीक बारीक उंचवट्यांची, सारख्या अंतरावर, प्रत्येक उंचवटा किंचित कललेला. दोन वर्षांत पाहुण्याने पहिल्यांदा काही म्हटलं होतं. पडद्यामागचे विद्वान एकदम बोलायला लागले. अक्षरं असतील, आकडे असतील, बेचाळीस आहेत, बेचाळीसचा अर्थ काय. शिवणघरातल्या एकाही माणसाला काही विचारावं लागलं नाही. ते बोटाच्या टोकाचे टाके होते. पाहुण्याने हाताला जे लागलं ते जसंच्या तसं परत करून दाखवलं होतं.

हे वरपर्यंत कळायला अर्धा तास लागला. मग संस्थेचा प्रवक्ता धावत शिवणघरात आला, त्याच्यामागे कॅमेरे, दिवे, तारा. त्याच्या हातात तो कागद होता. कारागिराचं नाव वाचून तो थेट मावशीपुढे आला आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असं म्हणाला, की पाहुण्याने माणसाला दिलेलं पहिलं उत्तर म्हणजे या बाईंच्या हातचे टाके आहेत, आणि आता त्यांना काय वाटतंय ते आपण ऐकू या.

मावशीने पडद्याकडे पाहिलं. उंचवटे डावीकडे कलले होते. तिचा टाका एकतीस वर्षं उजवीकडे कलत आला होता. त्या खोलीबाहेरच्या कुणालाही हे कधी कळलं नसतं, आणि खोलीतल्या कुणी सांगितलं नसतं. डावखुरी मागे सरून कपाटाला टेकली होती, दोन्ही हात पाठीमागे.

"माझे नाहीत हे टाके," मावशी म्हणाली.

प्रवक्ता हसला. त्याला वाटलं, बाई लाजताहेत.

"लाजत नाहीये मी. हे डावरे टाके आहेत, नीट बघा. हिचे आहेत." तिने जाऊन डावखुरीला दंडाला धरून दिव्यासमोर आणलं आणि तिचा पाठीमागे लपवलेला डावा हात ओढून पुढे केला. "या हाताचे."

"पण कागदावर तर..."

"कागदावर चुकलंय. आजच दुरुस्त करा."

कॅमेरे डावखुरीकडे वळले. तिने हात पुन्हा मागे घेतला नाही. प्रवक्ता गोंधळून जागेवरच उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. एवढ्या वयाच्या बाईला असंच सोडून पुढे जाणं त्याला बरं वाटेना. त्याने मावशीला हळूच विचारलं, की मग तुम्ही काय शिवलंत.

मावशीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सगळं जग मधल्या त्या बेचाळीस टाक्यांकडे बघत होतं. कोपऱ्यात, अर्धा चौकटीबाहेर गेलेला, दगडवालीचा दुसरा हात होता, फळीच्या कठड्याभोवती घट्ट वळलेला.

"डावा माझा," ती म्हणाली. "त्यानं तिनं धरून ठेवलंय."